भूत पाहिलंय का, हा प्रश्न आता पुरे

१९९३ साली राही अनिल बर्वे हा शाळकरी मुलगा नागझिऱ्याच्या जंगलात गेला होता. तिथे एका मित्राने त्याला एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकून पोराची पाचावर धारण बसली. गोष्ट होती भयकथाकार नारायण धारपांची, 'आजी' नावाची. ऐकणारा मोठा झाला, पण गोष्ट काही डोक्यातून गेली नाही. १९९७च्या सुमारास त्याने तिच्यावरून पटकथेचा पहिला मसुदा लिहिला, २०१२मध्ये चित्रीकरण सुरू केलं, मग बरंच काही पुन्हा चित्रित केलं आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी 'तुंबाड' पडद्यावर आला. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्या वर्षी याच चित्रपटाने झाली होती. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला गोळा करून गेला.

नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला आणि हे जंगल दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं. अलीकडच्या काळातल्या सर्वांत गाजलेल्या भारतीय भयपटाचं बी पडलं ते पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत. पीक मात्र उभं राहिलं कोकणात. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं, वाडा कोकणातला, पाऊसही कोकणातला.

यात बर्वे यांचा काही दोष नाही. मराठी अद्भुताचा पत्ताच मुळी ठरून गेलेला आहे. भूत म्हटलं की कोकण, माडाच्या बागा, पडका वाडा, विहिरीवरचा पिंपळ आणि त्यावरचा मुंजा. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६मध्ये आली ती सिंधुदुर्गातला वाडा घेऊन. हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल' वाचतानाही कोकणातला गाव डोळ्यांसमोर राहतो. भयकथेला कोकण नको असेल तर पुण्यातली जुनी पेठ किंवा मुंबईतली चाळ. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा मुलूख या नकाशावर जवळपास नाही. इथल्या रोवणीच्या चिखलात, मोहफुलांच्या दिवसांत, तलावाच्या पाळीवर घडणारी मराठी अद्भुतकथा शोधायची म्हटली तर शोधतच बसावं लागेल.

ही उणीव कच्च्या मालाची नाही. तो इथे इतका आहे की दुसऱ्या कुणाला हेवा वाटावा. उणीव आहे ती कारागिरीबद्दल मोकळेपणाने बोलण्याची. मराठीत अद्भुत लिहिणारा लेखक नवं पुस्तक घेऊन व्यासपीठावर आला की त्याला ठरलेले तीनच प्रश्न विचारले जातात. तुमचा भुतांवर विश्वास आहे का? तुम्हाला कधी अनुभव आला आहे का? आणि या लेखनातून समाजाला काय संदेश द्यायचा आहे? ऐतिहासिक कादंबरीच्या लेखकाला कुणी तलवार चालवता येते का असं विचारत नाही. अद्भुताच्या लेखकाला मात्र साक्षीदारासारखं उभं केलं जातं आणि त्याने गोष्ट कशी रचली हा मुद्दा राहूनच जातो.

गंमत अशी, की अद्भुताच्या लेखकाने स्वतःच्या नव्या कृतीबद्दल जाहीरपणे बोलण्याची या मुलखातली परंपरा तेराशे वर्षांची आहे. आठव्या शतकातल्या भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपलं मूळ गाव विदर्भातलं पद्मपूर असल्याचं सूत्रधाराकरवी सांगून ठेवलं आहे. हे पद्मपूर नेमकं कुठलं यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कौल दिला तो गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळच्या पदमपूरच्या बाजूने. आमगावकरांनी तो मनावर घेतला, म्हणूनच तिथल्या महाविद्यालयाला भवभूतीचं नाव आहे.

या भवभूतीचं 'उत्तररामचरित' सर्वांना ठाऊक असतं. तिसऱ्या अंकात नद्या माणसांसारख्या बोलतात, सीता रामाच्या समोर असूनही त्याला दिसत नाही आणि शेवटच्या अंकात नाटकातच नाटक सुरू होतं. पण अद्भुताच्या कारागिरीसाठी 'मालतीमाधव' जास्त जवळून पाहण्यासारखं आहे. दहा अंकांच्या या नाटकाची कथा रामायण-महाभारतातून घेतलेली नाही. ते प्रकरण आहे, म्हणजे कथानक लेखकाने स्वतः रचलेलं. विषयही काय, तर मालती आणि माधव या दोन अमात्यांच्या मुलांचं लग्न. मुलीच्या बापावर राजाच्या मर्जीतल्या माणसाला मुलगी देण्याचा दबाव, मध्यस्थीला कामंदकी नावाची बौद्ध परिव्राजिका, मैत्रिणींच्या कानगोष्टी. चार अंक हा संसारी मामला चालतो आणि पाचव्या अंकाला भवभूती प्रेक्षकाला थेट स्मशानात नेऊन उभं करतो.

तिथे कपालकुंडला नावाची योगिनी आकाशमार्गाने येते. निराश झालेला माधव रात्री स्मशानात भुतांपिशाच्चांना मानवी मांस विकायला निघाला आहे. तो पिशाच्चं पाहतो, त्यांची हाडकुळी शरीरं आणि खाण्याची घाई यांचं वर्णन करतो आणि तेवढ्यात जवळच्या कराला देवीच्या देवळातून ओळखीचा आवाज ऐकू येतो. आत अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी देण्याच्या तयारीत आहे. माधव धावतो, अघोरघंटाला मारतो. गोष्ट तिथे संपत नाही. कपालकुंडला गुरूच्या खुनाचा सूड धरून बसते आणि पुढे ऐन लग्नाच्या धामधुमीत मालतीला पळवते. मालतीला सोडवून आणते तीही एक योगिनीच, सौदामिनी. एकीकडे सिद्धी वाईटाकडे वळलेली आणि दुसरीकडे तशीच सिद्धी भल्याकडे. अद्भुत शक्तीला स्वतःचा स्वभाव नसतो, तो वापरणाऱ्याचा असतो, ही गोष्ट आजच्या कादंबऱ्या पाचशे पानांत सांगतात. भवभूतीने दोन स्त्रिया समोरासमोर ठेवून ती उरकली आहे.

नाटकाच्या प्रस्तावनेतलं बोलणं तर आजच्या लेखक-संवादात शोभावं असं आहे. वेद, उपनिषदं, सांख्य, योग यांचं ज्ञान असलं म्हणून नाटकात त्याचा काय उपयोग, असं तो विचारतो. नाटकाला हवी ती शब्दांची प्रौढता आणि अर्थाचं वजन. रस खोल हवेत, कथा नवलाची हवी, बोलण्यात चातुर्य हवं. आणि नावं ठेवणाऱ्यांना त्याचं उत्तर आहे की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे, तेव्हा आपल्या जातकुळीचा कुणीतरी वाचक आज ना उद्या जन्माला येईल. नव्या नाटकाच्या पहिल्या पाचदहा मिनिटांत लेखकाने आपली कारागिरी, आपला वाचक आणि आपले टीकाकार या तिन्हींचा हिशेब चुकता केला आहे. स्मशानात आपण खरंच पिशाच्च पाहिलं का, याबद्दल चकार शब्द नाही.

आधुनिक मराठीत कारागिरीबद्दल असं बोलण्याची वाट विज्ञानकथेने काही अंशी खुली केली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे नाव म्हणजे जयंत विष्णू नारळीकरांची उलटी आद्याक्षरं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात उतरवलेली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. अहमदाबादच्या एका परिषदेत भाषण कंटाळवाणं वाटू लागलं, तेव्हा तिथल्याच कागदांवर आपण कथा लिहायला घेतली, ही हकिगत नारळीकर पुढे खुशीत सांगत. शास्त्रज्ञाच्या दबदब्याखाली परीक्षकांनी कथेला झुकतं माप देऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणजे विज्ञानकथेला कथा म्हणून जोखलं जावं हा आग्रह पहिल्या दिवसापासून होता.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा कारागिरी शिकण्यासाठी घ्यावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१मध्ये पानिपतावर मराठे जिंकले आहेत. नारळीकरांनी जगात बदल केला तो एकच. विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी कानाजवळून निघून गेली, तिळभर अंतराने. बाकी सगळं त्या तिळाएवढ्या अंतरातून वाढत जातं. पंतांना हे नवं जग कळतं तेही भाषणांमधून नाही. पुण्याहून मुंबईला जाणारी रेल्वे, स्टेशनवरच्या पाट्या, अजून तग धरून असलेली ईस्ट इंडिया कंपनी, ग्रंथालयातले इतिहासाचे खंड, अशा साध्या वस्तूंमधून ते उलगडत जातं. आणि शेवटी पुरावा म्हणून खिशात उरतं बखरीचं एक फाटलेलं पान. एक बदल, त्याचे परिणाम आणि हातात धरता येईल असा एक कागद, एवढ्यात ही कथा उभी आहे. हे नारळीकरांना कुणी सविस्तर विचारलं असतं तर एका पिढीची शिकवणी झाली असती. विचारलं गेलं ते बहुतेक वेळा परग्रहावर जीवसृष्टी आहे का आणि ज्योतिष खरं की खोटं. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हाही चर्चा झाली ती जास्त करून प्रकृतीमुळे ते येऊ शकतील की नाही याची. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले.

भयकथेच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. धारपांची पुस्तकं शेकड्याच्या घरात आहेत, वाचनालयात त्यांच्या प्रती पानं सुटेपर्यंत वाचल्या गेल्या, पण त्यांच्या रचनेवर गंभीरपणे लिहिलेलं शोधावं लागतं. धारपांनी स्टीफन किंगच्या कथा-कादंबऱ्यांवरून लेखन बेतलं हे खरंच आहे. 'आजी'चं मूळही किंगच्या कथेत दाखवलं जातं. पण बेतताना त्यांनी काय बदललं, अमेरिकेतल्या गावाची भीती मराठी घरात आणताना कोणती खोली, कोणतं नातं, कोणता सण निवडला, हा खरा वाचण्याचा भाग. 'उसनं आहे' एवढ्यावर खटला निकाली काढला गेला. रत्नाकर मतकरींना नाटककार म्हणून मान होता, त्यामुळे त्यांच्या गूढकथांना थोडी बरी वागणूक मिळाली. तरी 'खेकडा'सारख्या कथेतला धक्का कुठे आणि कसा पेरला आहे, हे वर्गात शिकवलं जात असल्याचं क्वचितच ऐकू येतं.

कारागिरी म्हणजे काय, याचा धडा 'तुंबाड'मध्येही आहे. हस्तर हा लोभी देव. इतर देवांशी झालेल्या झगड्यानंतर त्याच्याकडे सोनं राहिलं, धान्य मात्र कधी मिळालं नाही. म्हणून तो पिठाला भुकेला आहे आणि म्हणूनच पिठाच्या रिंगणात तो येऊ शकत नाही. चित्रपटाचा नायक विनायक पिठाची बाहुली घेऊन वाड्याखाली हस्तरपाशी उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओरबाडायच्या. नियम एवढाच. मग विनायकाचा मुलगा डोकं चालवतो: एका बाहुलीऐवजी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? जितक्या बाहुल्या तितके हस्तर. सर्वनाश बाहेरून येत नाही, तो आधीच सांगितलेल्या नियमातून येतो. लेखकाने ऐन वेळी नवा देव, नवा मंत्र किंवा नवं स्वप्न काढलं असतं तर प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे मागितले असते.

आता याच नजरेने गोंदिया जिल्ह्याकडे पाहावं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. तलावाभोवतीच्या शिखरांना सात बहिणी म्हणतात आणि त्यांपैकी एकावर कोलासुर देवाचं ठाणं आहे. हा कोलासुर म्हणजे तलाव बांधणारा कोलू पाटीलच. लोकांनी त्याला देव केला. पाणी अडवणारा माणूस देव होतो आणि स्वतःच बांधलेल्या तलावाकडे डोंगरावरून पाहत बसतो. ही कल्पना कुठल्याही भाषेतल्या अद्भुतकाराने तयार मिळाली म्हणून उचलावी अशी.

आणि तिचा पुढचा अंक कायद्याने लिहून ठेवला आहे. पूर्वीच्या मध्य प्रांतात १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा' तलाव झाले. पाटलाचा देव झालेला, तलावाचा कागद सरकारचा आणि पाणी मात्र अजून बांध्यांतल्या धानाला लागतं. मग पाण्याची पाळी ठरवायची कुणी? देवाचं काम काढून घेतलं तर तो कुठल्या कचेरीत अर्ज करील? ढिवरांच्या जाळ्यात तो काय पाठवील? इथे भुताचीही गरज नाही. एक नियम धरायचा, समजा की तलाव बांधणाऱ्याचा शब्द पाण्याला अजून बांधील आहे, आणि मग महसुली दप्तर त्याच्यासमोर ठेवायचं. पुढे काय होतं ते लेखकाने इमानदारीने लिहायचं. कोकणातल्या वाड्यात ही गोष्ट घडू शकत नाही, कारण तिथे ना हा तलाव आहे ना हा कागद.

या जंगलावर मराठीत लिहिलं गेलेलं नाही असं मुळीच नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' आहे, किरण पुरंदरे यांचं 'सखा नागझिरा' आहे. आणि मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं, पक्षीकोश केला. १८ जून २०२५ रोजी ते गेले, नारळीकरांच्या पाठोपाठ महिन्याभरात. ही सारी परंपरा निरीक्षणाची आहे. पाणवठ्यावर कोणता पक्षी किती वाजता येतो, अस्वल मोहफुलं कशी खातं, वाघाच्या येण्याची वर्दी आधी कोण देतं. अद्भुताचे लेखक या पुस्तकांकडे निसर्गलेखन म्हणून पाहतात आणि पुढे जातात. वास्तविक त्यांचं पाठ्यपुस्तक तेच असायला हवं. चितमपल्लींनी स्वतः 'निळावंती'त पशुपक्ष्यांची भाषा कळण्याच्या जुन्या दंतकथेला हात घातला आणि आत्मचरित्राला 'चकवाचांदण' हे नाव दिलं. जंगलातल्या माणसाला चकवा लागतो म्हणजे काय होतं, हे ज्याला वाटा पाठ आहेत त्यालाच लिहिता येतं. वाट न चुकता चालणाऱ्या माणसाची वाट चुकली की भीती वाटते. जंगल कधी न पाहिलेल्या लेखकाने चकवा लिहिला तर वाचकाला भीती वाटत नाही, फक्त अंधार दिसतो.

कच्च्या मालाची गोष्ट निघाली की एक अवघड प्रश्न पुढे येतो आणि तो टाळून चालत नाही. सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा ठिकाणांहून गोंड समाज येतो. गोंडांची परंपरा सांगते की माता काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. त्यांना सोडवण्यासाठी हिरासुका पाटालीराने किंगरी वाजवली, त्या संगीताने आतल्या मुलांत बळ आलं, आदिगुरू पारी कुपार लिंगोच्या साथीने दाराची शिळा हलली, मुलं बाहेर पडली आणि त्या शिळेखाली हिरासुका गेला. नागपूरचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली यांनी ही परंपरा शब्दबद्ध केली. त्याच्याही आधी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गीत उतरवून घेतलं होतं. ते रिचर्ड टेम्पल यांनी १८६६मध्ये छापलं.

संगीताने शिळा हलते आणि वाजवणारा तिच्याखाली जातो, हे ऐकून कुठल्याही लेखकाचे हात शिवशिवतील. पण कचारगड ही कुणाची तरी आजची श्रद्धा आहे, पडीक जमीन नाही. तिथल्या देवांना तलवारी आणि ड्रॅगन देऊन तीन खंडांची मालिका काढणं सोपं आहे आणि ते उर्मटपणाचंही आहे. याचा अर्थ बाहेरच्याने या मुलखाला स्पर्शच करू नये असा होत नाही. तलाव, दप्तर, जंगल, रेल्वे, राइस मिल हे सगळ्यांचं आहे. पण लिंगोची कथा नव्या रूपात सांगायची असेल तर तो पहिला मान गोंड लेखकाचा. शेजारच्या मध्य प्रदेशात पाटणगढच्या परधान गोंड चित्रकारांनी हे करून दाखवलं आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती यांच्या झाडांच्या चित्रांचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं आणि त्याला २००८मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात पारितोषिक मिळालं. कथा त्यांची होती आणि सांगणारेही तेच होते. मराठी प्रकाशकांनी गोंदिया-गडचिरोलीतल्या गोंड तरुणांकडे गोष्टींची माहिती देणारे म्हणून बघण्याऐवजी लेखक म्हणून बघायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जादूटोण्याच्या संशयावरून बायकांना छळलं जातं, मारलं जातं, अशा मुलखात भुताखेतांच्या गोष्टींना उत्तेजन द्यायचं का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३मध्ये, महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण मांत्रिक आणि कथाकार यांचा धंदा एकमेकांच्या उलट आहे. मांत्रिक सांगतो, हे खरं आहे, पैसे काढ. कथाकार पहिल्याच पानावर सांगतो, ही गोष्ट आहे, बस आणि ऐक. भवभूतीने तर नरबळी देणाऱ्यालाच खलनायक केला आणि नायकाच्या हातून त्याचा निकाल लावला. जिथे गावाचा संशय हाच राक्षस आहे, अशी भयकथा या भागातून आली तर ती कितीतरी प्रबोधनपर व्याख्यानांपेक्षा खोल जाईल. मात्र त्यासाठी ज्या बाईकडे बोट दाखवलं गेलं तिच्या घरात शिरून लिहावं लागेल, बोट दाखवणाऱ्यांच्या गर्दीतून नव्हे. अद्भुताच्या लेखकाला खरा जाब विचारायचा तर तो इथे विचारावा. गोष्टीत भीती कुणाची वाटते, आणि ती तशी वाटावी हे कुणी ठरवलं?

भाषेचा प्रश्नही कारागिरीचाच आहे. टॉल्किन हा ऑक्सफर्डचा भाषांचा प्राध्यापक. त्याने आधी भाषा घडवल्या आणि मग त्या बोलणारी माणसं, त्यांचे देश, त्यांच्या लढाया आल्या. त्याची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये आली, मुग्धा कर्णिक यांनी ती मराठीत आणली. मराठीत परकं जग उभं करायचं म्हटलं की लेखक संस्कृतकडे धावतो. राजे, ऋषी, राक्षस सगळे एकाच सुरात, तत्सम शब्दांत बोलतात. गोंदियाच्या लेखकाला एवढ्या लांब जाण्याचं कारण नाही. एकाच बाजारात झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी ऐकू येते. कोण कुणाशी कुठल्या बोलीत बोलतं, भाव करताना कुठली येते आणि भांडताना कुठली, हे इथल्या पोराला न शिकता कळतं. कल्पित जगातल्या जमाती, त्यांचे दर्जे, त्यांचे जुने वैर हे सगळं बोलींच्या या अदलाबदलीतून दाखवता येतं, एक ओळही स्पष्टीकरण न देता. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडीबोलीची चळवळ उभी केली, संमेलनं भरवली. तिथे कविता भरपूर झाली. आता त्या बोलीत न घडलेल्या गोष्टीही घडू द्याव्यात.

आणि प्रेक्षक? दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की याच भागात रात्रभर नाटकं चालतात, दंडार हे लोकनाट्य होतं, थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत बसतात. झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. एवढा वेळ बसून गोष्ट ऐकणारा समाज महाराष्ट्रात फार ठिकाणी उरलेला नाही. त्याला अद्भुत कळणार नाही, अशी शंका घेणाऱ्याने एकदा पहाटे तीनच्या प्रवेशाला तिथे जाऊन बसावं.

मागणी फार मोठी नाही. नव्या अद्भुतकथा, विज्ञानकथा, भयकथा घेऊन लेखक पुण्यामुंबईत बोलतात, त्यांपैकी एखादा कार्यक्रम आमगावला, अर्जुनीला, सालेकशाला व्हावा. महाविद्यालयांनी पुष्पगुच्छ आणि परिचयात पाऊण तास न घालवता मुलांना लेखकासमोर बसवावं आणि मुलांनी पुस्तक वाचून यावं. प्रश्नही आधी ठरवून ठेवावेत. तुमच्या जगाचा नियम कोणता आणि तो कुठल्या पानावर मोडावासा वाटला? पहिल्या मसुद्यातलं काय फेकून दिलं? ही गोष्ट दुसऱ्या गावात घडली असती तर काय बिघडलं असतं? बोलणाऱ्या लेखकानेही परत जाताना इथल्या चार मुलांची हस्तलिखितं वाचायला न्यावीत आणि शेरे लिहून परत पाठवावीत. झाडीबोली संमेलनाने कवितेच्या सत्रांशेजारी एक सत्र कथारचनेला द्यावं. प्रवास लांबचा आहे ही सबब मात्र कुणी सांगू नये. कोल्हापूर-पुण्याकडून येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मुंबईहून निघणारी विदर्भ एक्स्प्रेस, दोन्ही गाड्यांचा शेवटचा थांबा गोंदियाच आहे.